राष्ट्राध्यक्ष निवडला, आता पस्तावा होतो का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

अमेरिकेत अध्यक्ष निवडून दिल्यावर मतदार पस्तावतात का, पस्तावले तर किती आणि त्यातून पुढे काय होतं, याबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून खाली घेतले आहेत.

प्रश्न : 'ट्रम्पना मत दिलं ही चूकच झाली' म्हणणाऱ्यांचे व्हिडिओ मोबाइलवर रोज दिसतात. खरंच एवढे लोक पस्तावलेत का? (नाशिक)

उत्तर : व्हिडिओ खरे असू शकतात, पण 'एवढे' हा अंदाज चुकतो. २०२४ साली डोनाल्ड ट्रम्प यांना सुमारे ७ कोटी ७३ लाख मतं पडली, म्हणजे ४९.८ टक्के. यातले शंभरातले दोनच पस्तावले असं धरा. ते होतात साडेपंधरा लाख. त्यांतल्या प्रत्येकाने एक व्हिडिओ केला आणि दर मिनिटाला एक याप्रमाणे ते दाखवत बसलं, तर जवळजवळ तीन वर्षं पुरतील. तुमच्या मोबाइलवर त्यातले पाच-पन्नास आले म्हणजे वारं फिरलं असं होत नाही. ९८ टक्के लोक 'माझं मत बरोबरच होतं' असा व्हिडिओ करत नाहीत, आणि केला तरी तो कोणी पुढे पाठवत नाही.

दोन टक्के हा आकडा हवेतून घेतलेला नाही. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीला शंभर दिवस होत आले तेव्हा, एप्रिल २०१७ मध्ये, वॉशिंग्टन पोस्ट आणि एबीसी न्यूज यांनी पाहणी केली होती. ट्रम्प यांना मत दिल्याचं सांगणाऱ्यांपैकी ९६ टक्के म्हणाले, बरोबर केलं. पस्तावा झाला म्हणणारे २ टक्के. त्याच पाहणीत 'आज पुन्हा निवडणूक झाली तर?' असं विचारल्यावर हिलरी क्लिंटन यांच्या मतदारांपैकी ८५ टक्केच पुन्हा त्यांच्याकडे आले. म्हणजे जिंकलेल्यापेक्षा हरलेल्या उमेदवाराचेच मतदार जास्त सुटले होते. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, कारण हरलेल्यांच्या मतदारांकडे माइक घेऊन कोणी जात नाही.

दुसरी गल्लत लोकप्रियतेच्या आकड्यांची. गॅलप या पाहणी करणाऱ्या संस्थेच्या आकड्यांत ट्रम्प यांच्या कामावर खूश असलेले जानेवारी २०२५ मध्ये ४७ टक्के होते, नोव्हेंबरात ३६ टक्के. बातमी लगेच येते की अकरा टक्के मतदार पस्तावले. तसं नाही. गॅलपने हा प्रश्न सगळ्या प्रौढांना विचारला होता. त्यात ट्रम्प यांच्यासमोर हरलेल्या कमला हॅरिस यांचे मतदार होते आणि मतदानाला न गेलेलेही होते. २०२४ मध्ये मताधिकार असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक मतदानाला गेलेच नव्हते. नोव्हेंबरचा तो आकडा फोडून पाहिला तर रिपब्लिकनांत (ट्रम्प यांचा पक्ष) ८४ टक्के, डेमोक्रॅटांत (हॅरिस यांचा पक्ष) ३ आणि कुठल्याच पक्षाचे नसलेल्यांत २५ टक्के दिसतात. डेमोक्रॅटांकडे आधीच काही नव्हतं. घसरगुंडी मुख्यतः या बिनपक्षीयांत झाली.

प्रश्न : दोन टक्केच असतील तर त्याची चर्चा तरी कशाला? (पुणे)

उत्तर : कारण अमेरिकेत अध्यक्ष देशभरच्या एकूण मतांवर ठरत नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक निर्वाचक मतं असतात आणि बहुतेक राज्यांत ती सगळीच्या सगळी तिथल्या विजेत्याला जातात. एकूण ५३८, जिंकायला २७०. २०२४ मध्ये निकाल ३१२ विरुद्ध २२६ होता. आता वही-पेन घ्या.

विस्कॉन्सिन, निर्वाचक मतं १०. ट्रम्प यांना जवळजवळ १७ लाख मतं, आघाडी २९,३९७ मतांची. त्यांच्या मतदारांचे दोन टक्के म्हणजे ३४ हजारांच्या आसपास. एवढे लोक नुसते घरी बसले असते तरी राज्य गेलं असतं.

मिशिगन, १५. ट्रम्प यांना २८ लाख १७ हजार, आघाडी ८०,१०३. दोन टक्के म्हणजे ५६ हजार. ते घरी बसले तर आघाडी टिकते. पण तेच लोक समोरच्या उमेदवाराकडे गेले तर हिशेब दुप्पट होतो, कारण इकडचं एक मत कमी होतं आणि तिकडचं एक वाढतं. ५६ हजारांचे १ लाख १२ हजार झाले की आघाडी संपली.

पेनसिल्व्हेनिया, १९. ट्रम्प यांना ३५ लाख ४३ हजार, आघाडी १,२०,२६६. दोन टक्के जवळजवळ ७१ हजार, त्याची दुप्पट १ लाख ४१ हजारांच्या वर. इथेही निकाल फिरतो.

आता २२६ मध्ये १०, १५ आणि १९ मिळवा. बरोबर २७०.

या गणितात दोन गृहीतकं आहेत आणि दोन्ही कच्ची आहेत. पस्तावलेले सगळ्या राज्यांत सारखेच पसरलेले असतात, हे एक. आणि हॅरिस यांच्याकडचा एकही मतदार हलला नाही, हे दुसरं. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंची गळती एकमेकींना खाऊन टाकते. म्हणून 'अमुक टक्के पस्तावले' हा आकडा एकट्याने काही सांगत नाही. बातमीत तो दिसला की आधी दोन गोष्टी शोधायच्या : समोरच्या बाजूचा तसाच आकडा किती, आणि पस्तावलेल्यांपैकी उमेदवार बदलणारे किती व मतदानालाच न जाणारे किती. हे दिलेलं नसेल तर बातमी अर्धीच आहे असं समजा.

प्रश्न : माणसं निवडणुकीनंतर खरं सांगतात का? आमच्याकडे जिंकलेल्याला मत दिलं असं सगळेच सांगतात! (सातारा)

उत्तर : तिकडेही तेच चालतं. जॉन केनेडी १९६० मध्ये ४९.७ टक्के मतांवर जेमतेम निवडून आले; रिचर्ड निक्सन अगदी केसभर मागे होते. नोव्हेंबर १९६३ मध्ये केनेडी यांची हत्या झाली. त्यानंतरच्या पाहण्यांत आपण केनेडींनाच मत दिलं होतं असं सांगणारे दोन तृतीयांशांच्या घरात पोचले. यातले सगळे खोटं बोलत होते असं समजू नका. तीन वर्षांपूर्वीचं मत माणूस आजच्या भावनेतून आठवतो आणि त्याला ते खरंच तसं आठवतं.

उलट उदाहरण निक्सन यांचं. १९७२ मध्ये त्यांनी ५० पैकी ४९ राज्यं जिंकली, ६०.७ टक्के मतं घेतली. वॉटरगेट प्रकरण (विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी आणि ती दडपण्याचा प्रयत्न) बाहेर आलं आणि ऑगस्ट १९७४ मध्ये राजीनामा द्यायची वेळ आली तेव्हा त्यांच्या कामावर समाधानी असणारे २४ टक्के उरले होते. विरोधात गेलेलं एकमेव राज्य मॅसॅच्युसेट्स. तिथल्या गाड्यांवर 'मला दोष देऊ नका, मी मॅसॅच्युसेट्सचा' असे स्टिकर झळकू लागले. आता गंमत बघा : त्या राज्यातही निक्सन यांना ४५ टक्के मतं होती. स्टिकर लावणाऱ्या गाड्यांत त्यांच्या मतदारांच्या किती होत्या, देव जाणे.

पाहणीच्या दृष्टीने हे फार अडचणीचं आहे. विजेता बदनाम झाला की सर्वांत जास्त पस्तावलेला मतदार 'मी त्याला मत दिलंच नव्हतं' असं सांगतो, आणि तुमच्या यादीतून गळतो. मागे उरतात ते पक्के समर्थक. त्यांना 'पस्तावा होतो का?' विचारलं की अर्थातच 'नाही' येतं. म्हणजे पस्तावा जितका खोल, तितका तो मोजणीत कमी दिसण्याचा धोका.

अमेरिकेत एक सोय आहे. कोणी मतदान केलं आणि कोणी नाही याची नोंद तिथे सार्वजनिक असते (मत कोणाला दिलं हे अर्थातच गुप्त). चांगल्या संस्था उत्तरं त्या नोंदीशी ताडून पाहतात आणि न जाता 'गेलो होतो' म्हणणाऱ्यांना वगळतात. पण मत कोणाला दिलं याबद्दल कोणी थाप मारली तर ती पकडायला एकच मार्ग : त्याच माणसाला निवडणुकीच्या वेळीच विचारून उत्तर लिहून ठेवायचं आणि नंतर त्यालाच पुन्हा गाठायचं.

प्रश्न : आपण चुकलो हे मान्य करायला लोक एवढे का कचरतात? (डोंबिवली)

उत्तर : अहंकार हे सोपं उत्तर झालं. संशोधनातून दिसतं ते असं की निर्णय घेण्याची कृतीच माणसाला त्या निर्णयाशी बांधून टाकते.

१९६८ मध्ये नॉक्स आणि इंक्स्टर या संशोधकांचा कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या घोड्यांच्या शर्यतीवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन डॉलरच्या खिडकीसमोर रांगेत उभ्या असलेल्यांना विचारलं, तुमचा घोडा जिंकण्याची शक्यता किती वाटते? सातपैकी गुण द्या. मग पैसे भरून नुकतेच बाहेर पडलेल्यांना तेच विचारलं. पैसे भरलेल्यांचा भरवसा स्पष्टपणे जास्त निघाला. मधल्या काळात घोडा काही बदलला नव्हता!

मतदानाबाबतचा प्रयोग आणखी चतुर आहे. मुलैनाथन आणि वॉशिंग्टन या अर्थशास्त्रज्ञांनी (निबंध २००९ चा) अध्यक्षीय निवडणुकीनंतर दोन वर्षांनी घेतलेल्या पाहण्या तपासल्या. तेव्हा २०-२१ वर्षांचे असलेले निवडणुकीच्या वेळी १८ पूर्ण होते; १८-१९ वर्षांचे तेव्हा वयात बसत नव्हते. दोन्ही गट वयाने जवळजवळ सारखे, फरक फक्त मत देता आलं की नाही एवढाच. ज्यांना मत देता आलं होतं त्यांच्यात अध्यक्षाबद्दलची टोकाची मतं जास्त सापडली. आपल्या माणसाबद्दल जास्त जिव्हाळा, दुसऱ्याच्या माणसाबद्दल जास्त राग.

त्यामुळे महागाई वाढली, नोकरी गेली, तरी मतदार आधी 'मी चुकलो' असं म्हणत नाही. आधी येतं 'सल्लागार वाईट आहेत', मग 'आधीच्यांनी घाण करून ठेवली', मग 'दुसरा आला असता तर याहून वाईट झालं असतं'. या शेवटच्या वाक्यावर बहुतेकांची गाडी थांबते, आणि मुलाखत घेणाऱ्याच्या तक्त्यात तो मतदार 'पस्तावा नाही' या रकान्यात जातो.

प्रश्न : तिसऱ्या उमेदवाराला मत देणाऱ्यांना जास्त पस्तावा होत असेल ना? (गोवा, म्हापसा)

उत्तर : तसं व्हायला मोठं कारण फ्लोरिडाने २००० साली पुरवलं. जॉर्ज बुश यांनी अल गोर यांच्यावर तिथे ५३७ मतांनी मात केली आणि त्या राज्यावर अध्यक्षपद ठरलं. ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना त्याच राज्यात ९७,४८८ मतं होती. त्यांतल्या बऱ्याच जणांना बुश नको होते. दोनशेतल्या दोघांनी जरी गोर यांना मत दिलं असतं, तरी निकाल उलटला असता.

त्याच निवडणुकीत पस्ताव्याचा आणखी एक प्रकार घडला, आणि तो मतपत्रिकेच्या मांडणीतून आला. पाम बीच परगण्याची मतपत्रिका पुस्तकासारखी उघडणारी होती. नावं डाव्या-उजव्या दोन्ही पानांवर, आणि टोचायची भोकं मधल्या एकाच उभ्या पट्टीत. डाव्या पानावर पहिलं नाव बुश, दुसरं गोर. पण वरून दुसरं भोक होतं उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन यांचं. गोर यांचं भोक तिसरं. दुसऱ्या नावासाठी दुसरं भोक टोचणाऱ्यांचं मत थेट ब्युकॅननना गेलं. त्या परगण्यात त्यांना सुमारे ३,४०० मतं पडली, आणि हा परगणा डेमोक्रॅटांचा, म्हणजे गोर यांच्या पक्षाचा, बालेकिल्ला. शिवाय १९ हजारांवर मतपत्रिका दोन-दोन भोकं पडल्यामुळे बाद झाल्या : आधी दुसरं टोचलं, चूक लक्षात आली, मग तिसरंही टोचलं. केंद्रातून बाहेर पडतानाच अनेकांना खटका लागला होता, पण पेटीत गेलेली पत्रिका परत मिळत नाही.

दोन वर्षांनी, २००२ मध्ये, संघराज्याने कायदा केला : मत टाकण्यापूर्वी मतदाराला आपली निवड तपासण्याची, चूक असल्यास दुरुस्त करण्याची आणि पत्रिका खराब झाली असेल तर बदलून घेण्याची संधी मिळालीच पाहिजे. त्यामुळे आज तिथे चुकीच्या नावावर खूण झाली तर खाडाखोड करायची नाही. पत्रिका केंद्रावरच्या कर्मचाऱ्याला परत द्यायची, ती रद्द करून नवी मिळते. यंत्रात सरकवली की मात्र संपलं. टपालाने पाठवलेलं मत मिशिगनसारख्या काही राज्यांत मुदतीच्या आत लेखी कळवून रद्द करता येतं. नियम राज्यागणिक वेगळे आहेत, म्हणून तिथल्या नातेवाइकांनी आपल्या परगण्याच्या निवडणूक कार्यालयातच विचारावं.

प्रश्न : आमच्या शहरात नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडून येतो. आमच्या महाविद्यालयाच्या राज्यशास्त्र विभागाला अशी पस्ताव्याची पाहणी करायची आहे. कशी करावी? (कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : थेट निवड असल्यामुळे अमेरिकेतला प्रश्न तुमच्याकडे जसाच्या तसा लागू पडतो. नगरसेवकांतून अध्यक्ष निवडला जात असता तर पडला नसता.

पाहणी दोन फेऱ्यांत करा. पहिली फेरी निकालानंतरच्या आठवड्यात. उशीर झाला की सातारच्या वाचकांनी विचारलेली अडचण सुरू होते : मिरवणूक ज्याची, मत त्याला. या फेरीत तोंडी उत्तर घेऊ नका. सगळ्या उमेदवारांची नावं-चिन्हं असलेली छापील चिठ्ठी द्या, माणसाला पाठमोरं होऊन खूण करू द्या, घडी घालून डब्यात टाकू द्या. चिठ्ठीच्या मागे आधीच बारीक क्रमांक घाला आणि तोच क्रमांक नाव-पत्त्याच्या वहीत लिहा. पण हे त्या माणसाला आधी सांगून त्याची संमती घ्या. न सांगता क्रमांक घालणं ही फसवणूक आहे, आणि गावात ती कळल्याशिवाय राहत नाही.

दुसरी फेरी सहा-आठ महिन्यांनी, त्याच माणसांची. तोवर काही लोक गाव सोडतात, काहींचे फोन लागत नाहीत, काही दार उघडत नाहीत. शेवटी ६०० माणसं हवी असतील तर सुरुवात ९०० पासून करा. नावं मतदार यादीतून ठरावीक अंतराने उचला. चौकात, कट्ट्यावर भेटेल त्याला विचारू नका. यादीतला माणूस घरी नसेल तर तीनदा जा. शेजाऱ्याला बदली घेतलं की घरात असणाऱ्यांचीच पाहणी होते.

दुसऱ्या फेरीत प्रश्नांचा क्रम असा ठेवा. आधी मतदानाबद्दल, तेही माणसाला मोकळीक देऊन : 'कामामुळे, आजारपणामुळे किंवा बाहेरगावी असल्यामुळे अनेकांना मतदान जमत नाही. तुम्हाला जमलं होतं का?' मग मत कोणाला दिलं होतं. मग पाणी, कचरा, रस्ते यांबद्दल समाधान. हे प्रश्न आधी आले तर पुढच्या उत्तरांवर त्यांची छाया पडते, म्हणून निम्म्या प्रश्नपत्रिकांत ते शेवटी घ्या आणि दोन्ही गट पडताळा. त्यानंतर मुख्य प्रश्न दोन : 'तेव्हा दिलेलं मत आज तुम्हाला बरोबर वाटतं की चूक?' आणि 'उद्या तेच उमेदवार पुन्हा उभे राहिले तर काय कराल?' या दुसऱ्या प्रश्नाच्या पर्यायांत 'मतदानाला जाणार नाही' हवंच हवं. निम्मी नाराजी तिथे लपलेली असते. 'तुम्हाला पस्तावा होतोय का?' असं विचारू नका. प्रश्नानेच उत्तराकडे बोट दाखवल्यासारखं होतं.

हरलेल्या उमेदवारांच्या मतदारांनाही हेच सगळं विचारा. बहुतेक पाहण्या इथेच फसतात.

विद्यार्थी स्वतःच्या प्रभागात पाठवू नका. ओळखीच्या मुलाला कोणी खरं सांगत नाही, आणि त्याचे वडील कोणाचे हे सगळ्यांना ठाऊक असतं. सुनेची मुलाखत सासऱ्यांच्या समोर झाली तर ती सासऱ्यांचीच मुलाखत होते. बाईंकडे मुलींची जोडी पाठवा आणि आत स्वयंपाकघरात बसून बोलू द्या.

आकडेमोड करताना पहिली परीक्षा : पहिल्या फेरीतली मतं प्रत्यक्ष निकालाशी जुळतात का? विजेत्याला ४६ टक्के मिळाले असताना तुमच्या चिठ्ठ्यांत ६० टक्के निघाले, तर चिठ्ठ्या चुकल्यात किंवा नमुना. दुसऱ्या फेरीत मत बदलून सांगणारे स्वतंत्र मोजा. 'तेव्हा अ, आता म्हणतो ब' अशी माणसं हाच तुमचा सर्वांत मोलाचा माल आहे. ती चूक समजून पुसू नका.

आणि उत्तर किती पक्कं आहे ते सोबत छापा. समजा विजेत्याचे २५० मतदार हाती लागले आणि त्यातले १० जण 'चूक झाली' म्हणाले, म्हणजे ४ टक्के. नमुना एवढा असताना खरा आकडा साधारण दीड ते साडेसहा टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकतो. त्या दहांतून पुन्हा 'तरुण किती, महिला किती' असे पोटआकडे काढायचा मोह होईल. तो आवरा.

प्रश्न : पस्तावलेल्या मतदारांना अध्यक्षाला परत बोलावता येतं का? (औरंगाबाद खंडपीठातले एक वकील)

उत्तर : अमेरिकेत नाही. काही राज्यांत राज्यपालाला परत बोलावता येतं (कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये ग्रे डेव्हिस यांना घरी पाठवून अर्नोल्ड श्वार्झनेगर यांना बसवलं), पण राष्ट्राध्यक्षासाठी तशी तरतूद नाही. महाभियोग हा मतदारांच्या हातात नसतो : प्रतिनिधिगृहात (संसदेचं खालचं सभागृह) साधं बहुमत आणि सिनेटमध्ये (वरचं सभागृह) दोन तृतीयांश मतं लागतात. सिनेटमधून दोषी ठरून पद गेलेला एकही अध्यक्ष आजवर नाही. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचले. फेब्रुवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्या विरोधात ५७ मतं पडली, हवी होती ६७, आणि तोवर त्यांची मुदतही संपलेली होती.

जिथे परत बोलावण्याची सोय आहे तिथला अनुभव आपल्याकडच्या उत्साही मंडळींनी जरूर पाहावा. व्हेनेझुएलात निम्मी मुदत संपल्यावर २० टक्के मतदारांच्या सह्या लागतात. ऑगस्ट २००४ मध्ये ह्यूगो चावेझ यांच्याविरुद्ध असं मतदान झालं आणि ५९ टक्क्यांनी त्यांना ठेवलं. बोलिव्हियात २००८ मध्ये इव्हो मोरालेस यांना ६७ टक्के मिळाले, म्हणजे निवडून आले होते त्याहून जास्त. रुमानियात जुलै २०१२ मध्ये ८७ टक्के मतं त्रायान बासेस्कू यांना हटवण्याच्या बाजूने पडली. पण त्यांच्या समर्थकांनी मतदानावर बहिष्कार टाकला, ५० टक्के मतदानाची अट होती आणि झालं ४६ टक्के. बासेस्कू राहिले. मेक्सिकोत २०२२ मध्ये अध्यक्षाच्या स्वतःच्याच पक्षाने सह्या गोळा करायला पुढाकार घेतला. १८ टक्केही मतदान झालं नाही आणि नव्वद टक्क्यांहून जास्त मतं 'राहू द्या' अशी. परत बोलावण्याचं हत्यार सत्ताधाऱ्यानेच जाहिरातीसारखं वापरलं, दुसरं काय.

पस्ताव्याची खरी परीक्षा दक्षिण कोरियात झाली असं म्हणता येईल. युन सुक-योल मार्च २०२२ मध्ये ४८.६ टक्के मतांवर, एक टक्क्याहूनही कमी फरकाने निवडून आले. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री त्यांनी लष्करी कायदा पुकारला. संसदेने काही तासांतच तो उठवायला लावला. ४ एप्रिल २०२५ रोजी घटना न्यायालयाने त्यांना एकमताने पदावरून काढलं. लगेच ३ जूनला निवडणूक झाली. एवढं सगळं घडूनही त्यांच्या पक्षाच्या उमेदवाराला ४१ टक्के मतं मिळाली. उजवीकडचाच एक वेगळा उमेदवार आणखी ८ टक्के घेऊन गेला. ४१ आणि ८ मिळून ४९. मतदार माणसापासून दूर जातो. आपल्या गोटापासून मात्र सहसा फार लांब जात नाही.

प्रश्न : दोन वर्षांनी होणाऱ्या मध्यावधीत (अध्यक्षाच्या मुदतीच्या मध्यावर होणाऱ्या संसदेच्या निवडणुकीत) अध्यक्षाचा पक्ष हरतो, तो पस्तावाच ना? (ठाणे)

उत्तर : थोडा. १९९४ मध्ये डेमोक्रॅटांनी प्रतिनिधिगृहातल्या ५४ जागा घालवल्या, २०१० मध्ये ६३. २०१८ मध्ये रिपब्लिकनांनी ४० च्या आसपास. पण मध्यावधीला मतदान बरंच कमी असतं. अध्यक्षाचे अर्धवट मनाचे मतदार घरी बसतात आणि चिडलेले विरोधक रांगेत उभे राहतात. बिल क्लिंटन यांचा पक्ष १९९४ मध्ये आपटला आणि १९९६ मध्ये तेच क्लिंटन आरामात पुन्हा निवडून आले. ओबामा यांचंही २०१० आणि २०१२ मध्ये तसंच. १९९८ आणि २००२ मध्ये तर अध्यक्षाच्या पक्षाच्या जागा वाढल्या.

प्रश्न : माझा भाचा न्यू जर्सीत ग्रीन कार्डवर आहे. तो म्हणतो, 'आमच्या मताचा आम्हाला पस्तावा झाला.' (चिपळूण)

उत्तर : ग्रीन कार्डवर अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मत देता येत नाही; त्यासाठी नागरिकत्व लागतं. भाचा 'मत' म्हणजे अभिप्राय या अर्थी बोलत असेल अशी आशा आहे. कारण नागरिक नसताना मत देणं हा तिथे गुन्हा आहे, आणि त्यात देशाबाहेर काढलं जाण्यापर्यंत पाळी येऊ शकते. ऐटीत बोलायचा हा विषय नाही, हे त्याला सांगा.

प्रश्न : आपल्या राष्ट्रपतींबाबत अशी पाहणी झाली आहे का? (परभणी)

उत्तर : सर्वसामान्यांची पाहणी करण्यात अर्थच नाही, कारण राष्ट्रपती आपण निवडत नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य निवडतात. २०२२ मध्ये एका खासदाराच्या मताचं मूल्य ७०० होतं, महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचं १७५. मतदान गुप्त असतं आणि राष्ट्रपतिपदासाठी पक्षाला पक्षादेश काढता येत नाही. तेव्हा कोणा आमदाराला पस्तावा झाला असेल, तर तो त्यालाच माहीत. पदावरून दूर करायचं झाल्यास घटनेच्या ६१ व्या कलमाप्रमाणे सभागृहाच्या एक चतुर्थांश सदस्यांच्या सहीने चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि मग दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतं लागतात. आजवर एकाही राष्ट्रपतीला असं काढलेलं नाही.